उजवीकडचा खिसा

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी धाकटा भाऊ प्रदर्शनाच्या दालनात शिरला आणि चार एकवीसला बाहेर पडला. त्यातली सहा मिनिटं तो आणि त्याचा थोरला भाऊ एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते. मध्ये मलमलीचं एक कापड होतं. चोवीस वर्षांनी दोघे इतके जवळ आले होते. धाकटा एक वाक्य बोलला. थोरल्याच्या तोंडून ब्र निघाला नाही.

वेळा अंदाजाच्या नाहीत. आत एका वेळी पंधराच माणसं सोडायची असा नियम असल्यामुळे दारावर तिकीट फाडणाऱ्या बाई प्रत्येकाची आतबाहेरची वेळ वहीत टिपतात.

थोरला एकाहत्तर वर्षांचा आहे. हयातभर त्यानं फोटो स्टुडिओ चालवला, पण तो स्वतःला फोटोग्राफर म्हणवत नाही, रिटचर म्हणवतो. फिल्मच्या काळात फोटो काढणं हे अर्धंच काम असे. उरलेलं अर्धं निगेटिव्हवर, टोकदार पेन्सिलीनं आणि पात्याच्या कोपऱ्यानं व्हायचं. मुरूम जायचे, सुरकुत्या जायच्या, तिरळा डोळा सरळ व्हायचा. त्याचं खरं नाव झालं ते जोडफोटोंमुळे. परगावी गेलेला नवरा, वारलेला बाप, जो हजर नाही त्याला तो घरच्यांच्या फोटोत आणून बसवायचा. चेहरा एका फोटोतला, खांदे दुसऱ्याचे, कोट स्टुडिओचा. सांधा कुणाला सापडायचा नाही. “वरच्यानं जोडलेलं कधीतरी उसवतं, मी जोडलेलं नाही,” असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हची दोन कपाटं मुलीकडे गेली. तीही फोटोच काढते, पण गिऱ्हाइकांचे नाही. कपाटांमधून निवडलेले साठ चेहरे तिनं सात-सात फुटी मलमलीवर छापले आणि एका बंद पडलेल्या छापखान्याच्या दालनात तारांवर टांगले. पंखे मंद फिरतात, कापडं हलतात, बघणारा त्यांच्यामधून चालतो. ज्या कापडापुढे तुम्ही उभे राहाल त्यावर वरून तुमचाच चेहरा येऊन पडतो. छताला लावलेलं कॅमेऱ्याचं यंत्र तो लहानमोठा करत राहतं, तुमचे डोळे त्या परक्या माणसाच्या डोळ्यांवर बसेपर्यंत. मग क्षणभर तिथे तुम्ही नसता आणि तोही नसतो. तिसरंच कुणीतरी तुमच्याकडे बघत असतं. प्रदर्शनाचं नाव ‘तुमच्यासारखं कुणीतरी’. लोक हसत आत जातात आणि जरा गप्प होऊन बाहेर येतात, असं दारावरच्या बाई सांगतात.

त्या दिवशी रिटचर सकाळी अकराला पोचला. उद्घाटनाला सर्दीमुळे त्याला येता आलं नव्हतं.

“या आजोबा,” दारावरच्या बाई म्हणाल्या. त्या स्वतः पन्नाशीच्या पुढच्या होत्या.

“आजोबा कुणाला? माझी अजून एक दाढ हललेली नाही.”

“बाकीच्या गेल्या असतील, मग हलणार कोण?”

मुलगी धावत आली आणि तिनं त्याचा हात धरला. “बाबा, आता डोळे मिटून चला.”

“या वयात डोळे मिटून चाललो तर लोक खांदा द्यायला येतील.”

“दहा पावलं फक्त.”

तिनं त्याला एकतीस नंबरच्या कापडापुढे आणून उभं केलं. त्यानं डोळे उघडले. समोर कोटातला एक तरुण माणूस होता, पातळ मिशीचा, उजवीकडून भांग पाडलेला. त्यानं ओळखायला पापणी लवण्याइतकाही वेळ घेतला नाही.

“काका!” मुलगी म्हणाली. “घरात त्याचा एक फोटो नाही, हेच ऐकत मोठी झाले मी. आणि हा कपाटात पडलेला! पाकिटावर तुमचंच अक्षर. बघा, तसंच्या तसं खाली लावलंय.”

कापडाशेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ‘धाकटा. आईसाठी.’ खाली चोवीस वर्षांपूर्वीची तारीख होती.

“मला तो नुसता कोट झटकताना आठवतो,” ती पुढे म्हणाली. “पण किती तुमच्यासारखा दिसायचा हो!”

तो दिसणारच होता त्याच्यासारखा. कापडावर रिटचर स्वतः होता.

स्टुडिओत पाकिटांचा एक नियम होता आणि तो त्यानंच घातला होता. जोडफोटोच्या पाकिटावर चेहरा मुळात कुणाचा हे कधी लिहायचं नाही. फोटो कुणाचा म्हणून घरी जाणार आणि कुणासाठी, एवढंच लिहायचं. म्हणजे उद्या गिऱ्हाइकाच्या नातेवाइकानं पाकीट पाहिलं तरी बिंग फुटायला नको. मुलीनं साठही पाकिटांवरचा मजकूर इमानानं उतरवला होता. बापाचं अक्षर खोटं असेल असं तिच्या मनात कशाला येईल?

“हे कापड काढ,” तो म्हणाला.

“का?”

“छपाईत डाग आलाय. कपाळावर.”

ती नाक लावून बघू लागली. “कुठे?”

“तुला दिसायचा नाही.”

“बाबा, तुम्हाला ना, चंद्र दिला तरी त्याचे डाग काढत बसाल.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “काढून कसं चालेल? तो आज येतोय. चारला. मी शोधून काढलं त्याला. म्हणाला, बापाला सांगू नकोस, आधी एकटा बघून जातो. पण माझ्या पोटात काही राहतं का?”

अकरा ते चार म्हणजे पाच तास. खरं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. रिटचरनं तीन वेळा चहा घेतला. दोनदा तो मुलीच्या टेबलापर्यंत गेला. एकदा विचारलं, पंखे कुणाकडून आणले. दुसऱ्यांदा सांगितलं, तार जरा ढिली आहे. वेळ मारून नेण्यात त्याचा हात पेन्सिलीइतकाच सफाईदार होता.

भावांचं फाटलं ते एकतीस वर्षांपूर्वी. स्टुडिओत कामं वाटलेली होती. चेहरा थोरल्याचा, बाकी सगळं धाकट्याचं. म्हणजे दिवे लावणं, गिऱ्हाइकाला स्टूलावर बसवणं आणि खुंटीवरचा कोट चढवणं. कोट एकच होता, काळा. पासपोर्टला येणारा प्रत्येक जण त्यातच शिरायचा. बारीक माणसाला तो मागून चिमट्यांनी आवळायचा, जाड्याची बटणं उघडी ठेवून पुढे फाईल धरायला द्यायची. छातीवरच्या खिशात रुमालाची घडी बसवायची. हे सगळं धाकटा इतक्या निगुतीनं करी की लोक त्याला थट्टेनं शिंपी म्हणत.

मग रंगीत फोटोंची यंत्रं आली. धाकटा म्हणाला, आपणही आणू. लोकांना त्यांचा चेहरा जसा आहे तसा देऊ, किती दिवस खरवडत बसायचं? थोरला म्हणाला, तुला कोट चढवण्यापलीकडे येतं काय? जिभेला हाड नसतं. धाकटा त्याच दिवशी बाहेर पडला. जाताना घरच्यांच्या एकुलत्या एका फोटोची भिंतीवरची प्रत काढून घेऊन गेला. उंबऱ्यावर वळून म्हणाला, “दादा, तू स्वतः बोलावल्याशिवाय या दारात पाय ठेवायचा नाही मी.”

त्या संध्याकाळी थोरल्यानं त्या फोटोची निगेटिव्ह काढली आणि पात्यानं धाकट्याचा चेहरा खरवडला. मूळ निगेटिव्हला पातं लावायचं नाही, नेहमी नक्कल करून तिच्यावर हात चालवायचा, हा धंद्यातला पहिला धडा. तो त्यानं धाकट्यालाही शिकवला होता. आयुष्यात तो एकदाच मोडला. बाकी फोटो म्हणावेत तर दिव्याखाली अंधार. साऱ्या गावाचे चेहरे कपाटात होते आणि धाकट्याचा औषधालाही नव्हता.

सात वर्षं गेली. आई अंथरुणाला खिळली. मोतीबिंदूनं तिला उजेड आणि सावली एवढंच दिसायचं. शेवटी शेवटी आठ दिवस तिनं एकच धोशा लावला, धाकट्याला बोलाव. बाहेरच्या खोलीत फोन होता. फोनच्या वर भिंतीवर पेन्सिलीनं धाकट्याचा नंबर लिहिलेला होता, आईच्या हाताचा. रिटचर दिवसातून वीसदा त्यापुढून जात होता. ‘तू स्वतः बोलावल्याशिवाय’ हे शब्द दर वेळी आडवे येत. बोलावणं म्हणजे हरणं, असा त्याचा हिशेब. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते खोटं नाही.

सहाव्या दिवशी आई म्हणाली, “तो नाही तर नाही, त्याचा फोटो तरी दे हातात.”

फोटो कुठून देणार? रिटचरनं स्वतःचा चौतिसाव्या वर्षाचा पासपोर्ट फोटो कपाटातून शोधून काढला, स्टुडिओच्या कोटातला. निगेटिव्ह पालथी घातली, म्हणजे भांग दुसरीकडे गेला. मिशी बारीक केली, गाल थोडे आत घेतले, कानाच्या पाळ्या सोडवल्या. त्याची पुन्हा निगेटिव्ह घेतली, छाप काढला. फोनला दोन मिनिटं लागली असती. फोटोला त्यानं दोन दिवस घालवले. वाईट याचंच की काम फार सुंदर झालं होतं आणि ते करताना तो खूश होता.

आईनं फोटो डोळ्यांशी नेला, खिडकीकडे धरला. “डोळे अगदी तुझ्यासारखे झालेत त्याचे,” म्हणाली. मग फोटो उशीखाली सरकवला आणि पुन्हा धाकट्याला बोलावलं नाही. तिला कळलं होतं की नव्हतं, याचा छडा रिटचरला आजतागायत लागलेला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

शेजाऱ्यानं कळवलं म्हणून धाकटा आला. उंबऱ्याच्या आत आलाच नाही. बाहेरच उभं राहून त्यानं विचारलं, “माझी आठवण काढली होती का तिनं?”

‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग कळवलं का नाहीस?

“नाही,” रिटचर म्हणाला.

धाकट्यानं मान हलवली आणि तो गेला. त्या एका शब्दावर चोवीस वर्षं निघाली.

गुरुवारी चारला पाच कमी असताना रिटचर उठला. मुलगी फोनवर होती. कापडच काढून टाकायचं असं त्यानं ठरवलं. नंतर काही ना काही सांगता येईल. चिमटे कापडाच्या मागच्या बाजूनं लावलेले होते, म्हणून तो एकतीस नंबरच्या मागे गेला आणि त्यानं हात वर केले. हात पोचेना. चवड्यांवर उभा राहिला, तरी पोचेना. दहा-पंधरा मिनिटं त्याची ही कसरत चालली होती, तेवढ्यात दारावरून आवाज आला, “एकच तिकीट द्या.” आवाज जाड झाला होता, पण त्याचाच होता.

त्यानं हात खाली घेतले आणि तिथेच उभा राहिला.

मलमलीतून पलीकडचं अंधुक दिसतं. एक वाकलेली आकृती कापडांमधून सावकाश येत होती. वाटेत कुठे तिचा चेहरा एका नवरीवर पडला, कुठे एका पैलवानावर. बाजूची दोन पोरं खिदळली. आकृती एकतीस नंबरपुढे येऊन थांबली. ती खाली वाकली, चिठ्ठी वाचत असावी. चार-पाच शब्द वाचायला जेवढा वेळ लागेल, त्याहून बराच वेळ ती वाकलेली राहिली. मग सरळ झाली आणि कापडावर धाकट्याचा चेहरा उमटला.

पासष्ट वर्षांचा चेहरा चौतीस वर्षांच्या चेहऱ्यावर सरकू लागला. रिटचर मागून बघत होता. डोळ्यांवर डोळे बसले. नाकावर नाक बसलं. डाव्या भुवईत केसभर फरक होता, तो कापड हललं की जायचा. उभ्या आयुष्यात त्यानं शेकडो चेहरे जोडले होते, इतका बिनसांध्याचा एकही नाही. आणि मागच्या बाजूनं बघताना पालथं चित्र पुन्हा सुलटं झालं होतं. भांग होता तिथे, कोट होता तसा. तो त्याचाच खराखुरा फोटो होता आणि त्यावर त्याचा भाऊ होता.

“दादा,” पलीकडून आवाज आला. “कोटाचा खिसा उजवीकडे गेलाय.”

रिटचरनं कापडावर पाहिलं. त्याच्या बाजूनं खिसा बरोबर डावीकडे होता. मग डोक्यात उजेड पडला. निगेटिव्ह पालथी घातल्यावर त्यानं भांग पाहिला होता, मिशी, गाल, कान सगळं पाहिलं होतं. कोट पाहिला नव्हता. कोट कधी त्याचं काम नव्हतंच. दोन दिवसांत नाही, चोवीस वर्षांत नाही, आज सकाळीही नाही. धाकट्यानं तो एका नजरेत पाहिला. त्या कोटाच्या खिशात त्यानं हजार वेळा रुमाल खोचला होता.

म्हणजे त्याला सगळं कळलं. हा आपण नव्हे, दादा आहे. फोटो आईसाठी आहे. तारीख आई जाण्याच्या तीन दिवस आधीची आहे. तेव्हा तिनं आठवण काढली होती.

तो चित्रातल्या दादाशी बोलला, असं रिटचरनं मनाशी घेतलं. आपण इथे आहोत हे त्याला कुठे ठाऊक आहे? ही समजूत फार सोयीची होती. कापड हलत राहिलं. पलीकडची आकृती हलली नाही. असं किती वेळ चाललं ते वहीवरून काढता येतं: पाचेक मिनिटं. मग चेहरा कापडावरून निसटला आणि पावलं दाराकडे गेली.

साडेचारला रिटचर बाहेर आला तेव्हा दारावरच्या बाई तिकिटांची अर्धी फाडलेली थोटकं मोजत होत्या.

“काय आजोबा, लपंडाव संपला का?”

“कसला लपंडाव?”

“कापडाच्या मागे उभे होता ना? ते पांढऱ्या केसांचे गृहस्थ नुसते खाली बघत थांबले होते. मी म्हटलं, ओळखीचे दिसताहेत, आता भॉक करणार.”

“खाली बघत?”

“मग काय तर. कापड जमिनीपासून वीतभर वर आहे की. तुमच्या चपला लख्ख दिसत होत्या. एकीच्या अंगठ्याला लाल दोरा शिवलेला.”

तो दोरा त्यानंच शिवला होता. तुटलेल्या चपला टाकायच्या नाहीत, शिवायच्या, ही घरातली सवय होती आणि ती धाकट्याला माहीत होती.

रिटचर तिथल्या स्टूलावर बसला. मुलगी आली. तिला त्यानं सगळं सांगितलं. सकाळी जे दोन मिनिटांत झालं असतं, त्याला आता वीस मिनिटं लागली, कारण ती मध्ये मध्ये थांबवत होती.

“म्हणजे आजी आठ दिवस बोलावत होती?”

“हो.”

“आणि तुम्ही फोटो केलात.”

“हो.”

“आणि आज तो पाच मिनिटं तुमच्या चपलांकडे बघत उभा होता.”

ती रडली नाही, ओरडली नाही. उठून आत गेली आणि एकतीस नंबरची चिठ्ठी काढून घेऊन आली. कोरा कागद आणि पेन तिनं त्याच्यापुढे ठेवलं. “कापड मी काढणार नाही. चिठ्ठी मात्र बदलायची. तुम्हीच लिहा. जे आहे तेच.”

त्यानं तीन कागद फाडले. चौथ्यावर लिहिलं: ‘हा धाकटा नाही, मी आहे. आईनं त्याला आठ दिवस बोलावलं. मी फोन केला नाही, हा फोटो केला. त्यानं विचारलं तेव्हा नाही म्हणालो.’ अक्षर वाकडंतिकडं आलं होतं. सवयीनं त्याचा हात पेन्सिलीकडे गेला. मुलीनं कागद ओढून घेतला.

चिठ्ठी त्याच संध्याकाळी लागली. मुलीनं तिचा फोटो काकाला पाठवला. शुक्रवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो बघितला गेल्याची खूण आली. उत्तर आलेलं नाही.

“पत्ता देते,” मुलगी म्हणाली. “बसनं चाळीस मिनिटं. जा आणि तोंडानं सांगा.”

पत्ता त्यानं घेतला, वाचला, घडी करून खिशात घातला. “त्यानं दार उघडलं नाही तर?”

“तर बाहेरून बोला. कापडाआडून गप्प राहता येतं तर दाराआडून बोलता येईलच की.”

तो गेलेला नाही. शुक्रवारी आणि शनिवारी तो सकाळपासून एकतीस नंबरच्या पुढे स्टूल टाकून बसला. यंत्राला माणूस कळत नाही. समोर जो असेल त्याचा चेहरा ते वर पाडतं, त्यामुळे दोन्ही दिवस त्याच्या तरुण चेहऱ्यावर त्याचाच म्हातारा चेहरा पडून होता. येणाऱ्यांना वाटलं, म्हातारा प्रदर्शनाचाच भाग आहे. एका बाईनं चिठ्ठी वाचली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिठ्ठी वाचली.

शनिवारी बंद करायच्या वेळी दारावरच्या बाईंना एक गोष्ट आठवली. गुरुवारी बाहेर पडताना त्या पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी विचारलं होतं, प्रदर्शन कधीपर्यंत आहे. त्यांनी सांगितलं, रविवारी शेवटचा दिवस, सातपर्यंत. साडेसहानंतर आत सोडत नाही.

“मग काय म्हणाले?” रिटचरनं विचारलं.

“काही नाही. अर्धं तिकीट परत मागून घेतलं आणि घडी करून खिशात ठेवलं.”

शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत वहीत त्यांची दुसरी नोंद नव्हती.